बंदूक पुढे, पंप मागे

१७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने एक अशी बंदूक स्वीकारली, जिला दारू लागतच नव्हती. ती झाडल्यावर धूर निघत नसे, पावसात दारू भिजण्याची धास्ती नसे, आणि एकदा भरली की वीस-बावीस गोळ्या एकामागून एक सोडता येत. त्या काळचा कसलेला शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला फार तर तीन-चार गोळ्या झाडू शके, आणि दर गोळीला त्याला गज घेऊन ठासणी करावी लागे. एवढा फरक असूनही नेपोलियनची युद्धे संपेपर्यंत ही हवेची बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्यातून हद्दपार झाली. शस्त्रांच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा एक नवल म्हणून येतो: काळाच्या पुढे असलेले, नाजूक आणि म्हणून टाकून दिलेले यंत्र. हा निवाडा मला अपुरा वाटतो. ती बंदूक म्हणून कमी पडली नाही. तिला हवा पुरवणारी व्यवस्था कमी पडली, आणि हवेच्या बंदुकीचा पुढचा दोनशे वर्षांचा इतिहासही नळीपेक्षा पंपानेच ठरवला. आज उच्च दाबाचा कॉम्प्रेसर निवडताना आणि सांभाळताना जे प्रश्न पडतात, ते सगळे त्या पहिल्या अपयशात दिसतात.

ही बंदूक बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराची. तो आल्प्समधल्या कोर्तिना द'आम्पेत्सोचा, पुढे व्हिएन्नाच्या परिसरात स्थिरावलेला. दाबलेल्या हवेने गोळी फेकण्याची कल्पना काही त्याची नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीसाठी मारँ बुर्जुआ याने तशी बंदूक केली होती, आणि त्याही आधी अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिऑसने हवेच्या दाबावर चालणाऱ्या फेकयंत्राचा विचार केला होता. जिरार्दोनीचे कर्तृत्व असे की त्याने सगळी रचना शिपायाच्या हातात मावेल अशी केली. बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. लोखंडी पत्रा वळवून, रिव्हेट मारून आणि पितळेने झाळून केलेली ही शंकूच्या आकाराची बाटली नळीच्या मागे आट्यांवर फिरवून बसवायची. नळीला लागून एक लांब पन्हळ होते, त्यात शिशाच्या गोळ्या रांगेने बसत. नळीच्या मागच्या तोंडाशी आडवा सरकणारा एक ठोकळा होता. बंदुकीचे तोंड जरा वर करून ठोकळा अंगठ्याने दाबला की एक गोळी घरंगळत त्याच्या भोकात येई. अंगठा सोडला की स्प्रिंग ठोकळ्याला परत नळीसमोर आणी. मग घोडा ओढून चाप दाबायचा. घोड्याच्या धक्क्याने टाकीची झडप क्षणभर उघडे, तेवढ्यात हवेचा एक घोट सुटे आणि झडप आतल्या दाबानेच पुन्हा मिटे. ही मांडणी पाहिली की अठराव्या शतकातल्या धातुकामाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. आधी हवा भरून ठेवलेल्या आजच्या रायफली, ज्यांना नेमबाज पीसीपी म्हणतात, त्यांच्या झडपेचे तत्त्व यापेक्षा फारसे वेगळे नाही.

आता टाकी भरण्याकडे वळू. दाब सुमारे ५५ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पंचावन्न पटींच्या आसपास, आणि त्यासाठी हातपंपाचे सुमारे १,५०० झटके. हा आकडा ऐकून लोक शिपायांच्या दंडांचे कौतुक करतात, पण तो का आला हे पाहायला हवे. दट्ट्याचे तोंड एक चौरस सेंटिमीटर असेल, तर ५५ बारच्या विरुद्ध हवा ढकलताना झटक्याच्या शेवटी त्यावर सुमारे ५६ किलो भार द्यावा लागतो. म्हणजे माणसाने जवळजवळ सगळे अंग टाकले तरी दट्ट्या बोटाहून जाड करता येत नाही. दट्ट्या बारीक, म्हणून एका झटक्यात जाणारी हवा थोडी, म्हणून झटके हजारांवर. मिनिटाला पन्नास झटके मारले तरी एका बाटलीला अर्धा तास, आणि प्रत्येक शिपायाकडे बंदुकीवरची एक आणि जादा दोन अशा तीन बाटल्या. एका बाटलीवर सुमारे तीस गोळ्या कामाच्या सुटत, त्यातही शेवटच्या गोळ्या घटलेल्या दाबामुळे आधीच्यांपेक्षा खाली पडत. सैन्याने गाड्यांवर मोठे पंप बसवून हा भार हलका केला, पण मग पंपाची गाडी जिथे पोहोचेल तिथपर्यंतच बंदुकीची पोहोच. त्यात गळतीची भर. सांधे चामड्याने बंद केलेले असत आणि ते चामडे ओलसर, फुगलेले राहिले तरच हवा धरत असे. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात सुकलेला चामडी वॉशर ज्यांनी तेलात भिजवून पुन्हा घातला असेल, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की स्टोव्हचा दाब या बाटलीच्या पासंगालाही पुरत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की बाटलीत किती दाब आहे हे पाहण्याचे सुटसुटीत साधनच नव्हते. वाकलेल्या नळीचा दाबमापक यूजेन बूर्दाँने पॅरिसमध्ये पेटंट केला तो १८४९ मध्ये. जिरार्दोनीचा शिपाई झटके मोजून दाबाचा अंदाज बांधत होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो ताकदीचा. दारूचा स्फोट ५५ बारपेक्षा कितीतरी जास्त दाब देतो, म्हणून दारू जिंकली, यात पंपाचा दोष तो काय? आक्षेपात तथ्य आहे. जिरार्दोनीची गोळी सैन्यातल्या जड मस्केटच्या गोळीइतकी जोरकस नव्हती. पण ही गोष्ट सैन्याला १७८० मध्येही माहीत होती आणि तरी सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सैन्याने ती बंदूक घेतली, कारण झटपट मारा, कमी आवाज आणि धुराचा अभाव यांचे मोल त्यांना कळत होते. घेण्याच्या वेळी जो कमकुवतपणा माफ झाला, तोच टाकून देण्याचे मुख्य कारण मानता येत नाही. मधल्या काळात अनुभवाला आले ते फुटणारे झाळकाम, सुकणारे चामडे, दुरुस्तीला लागणारे खास कारागीर आणि न संपणारे पंप मारणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो अमेरिकेतून येतो. १८०३ ते १८०६ या काळात मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेली आणि परतली, तेव्हा लुईसजवळ हवेची बंदूक होती. ती फिलाडेल्फियाच्या कुणा कारागिराची साधी एकबारी बंदूक असावी असे पूर्वी मानत. पण मोहिमेच्या सुरुवातीला ओहायो नदीवर ती पाहिलेल्या थॉमस रॉडनी यांच्या रोजनिशीत ती बावीस गोळ्यांची असल्याचे वर्णन सापडल्यावर बहुतेक अभ्यासक तिला जिरार्दोनी पद्धतीची मानू लागले. मग ही नाजूक म्हटलेली बंदूक हजारो मैलांच्या रानवाटेवर टिकली कशी? उत्तर मोहिमेच्या नोंदींतच आहे. तुकडीत जॉन शील्ड्स नावाचा बंदूक-दुरुस्तीत वाकबगार माणूस होता, आणि जून १८०५ मध्ये त्याने हिची मुख्य स्प्रिंग बदलल्याची नोंद आहे. शिवाय बंदूक एकच होती, आणि तिचा मोठा उपयोग वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासी जमातींसमोर प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी झाला. एक बंदूक, तिच्यासाठी एक कारागीर आणि पंप मारायला हवा तेवढा वेळ असेल तर यंत्र चालते. शेकडो बंदुका, थोडे कारागीर आणि समोर शत्रू असेल तर चालत नाही. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, पुष्टीच देतो: निभावून नेले ते देखभालीने.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात बंदूकवाल्यांनी हा प्रश्न सोडवला नाही, टाळला. एक वाट स्प्रिंगची. हवा साठवायचीच नाही, चाप दाबला की बंदुकीतलाच दट्ट्या उसळून त्या क्षणापुरती हवा दाबतो. इंग्लंडमध्ये १९०५ पासून बीएसएने केलेल्या लिंकन जेफ्रीज पद्धतीच्या रायफली या वाटेवरच्या. जत्रेत फुगे फोडायची बंदूक बहुतेक याच कुळातली असते. दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची, जी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये पॉल जिफारने रुळवली. हा वायू द्रवरूपात मिळतो आणि २० अंश सेल्सिअसला आपोआप ५७ बारच्या आसपास दाब धरतो, म्हणून पंपाची गरजच नाही. पण तापमान बदलले की दाब बदलतो, आणि ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. नागपूरच्या मे महिन्यात अशा पिस्तुलाकडून एकसारख्या माऱ्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

खरे उत्तर बंदुकीच्या धंद्याबाहेर तयार होत होते. हवा दाबली की तापते, आणि एका दमात फार दाबली की भयंकर तापते. ३० अंशांची हवा तीनशे पट दाबायची आहे आणि दाबतेवेळी उष्णता बाहेर जाऊच शकत नाही, पण दोन टप्प्यांच्या मध्ये हवा पुन्हा ३० अंशांवर येते असे धरून हिशेब केला, तर दोन टप्प्यांत प्रत्येक टप्प्याअखेर तापमान चारशे अंशांवर जाते, तीन टप्प्यांत अडीचशेच्या आसपास, चार टप्प्यांत एकशेऐंशीच्या आसपास. म्हणून टप्पे पाडायचे, आणि दोन टप्प्यांमध्ये हवा थंड करायची. हे तत्त्व कागदावर समजणे आणि लोखंडात उतरणे यांत बराच काळ गेला. त्याला रेटा मिळाला तो पाणतीरामुळे, म्हणजे टॉर्पेडोमुळे, आणि योगायोग असा की हेही ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यात घडले. १८६६ मध्ये फियुमे बंदरात, आजच्या क्रोएशियातल्या रिएकामध्ये, रॉबर्ट व्हाइटहेडने दाबलेल्या हवेवर चालणारा टॉर्पेडो केला. त्याच्या टाकीत सुरुवातीला दाब पंचवीस बारच्या आसपास, म्हणजे जिरार्दोनीच्या दस्त्याहूनही कमी होता. पण आरमारांना लांब पल्ला हवा होता आणि पैशाची वाण नव्हती, त्यामुळे पुढच्या काही दशकांत टाक्या आणि त्या भरणारे बहुटप्पी कॉम्प्रेसर शंभर बारच्या पलीकडे गेले. म्युनिकमध्ये १८९५ साली कार्ल फॉन लिंडेने हवा दाबून आणि थंड करून द्रवरूप केली. रुडॉल्फ डीझेलच्या १८९७ च्या इंजिनात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवाच लागे, आणि ती पुरवणारा कॉम्प्रेसर हा त्या इंजिनाचा दुखरा भाग होता. डीझेलने जगाला आणखी एक गोष्ट दाखवली: पुरेशी दाबलेली हवा ठिणगीशिवाय तेल पेटवते. एअरगनच्या कॉम्प्रेसरला हात लावणाऱ्याने ही गोष्ट कधीच विसरू नये.

शेवटचा दुवा पाण्यात बुडी मारणाऱ्यांचा. १९४३ मध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून मागणीप्रमाणे श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले, आणि युद्धानंतर हौशी डायव्हिंग पसरले. त्याबरोबर गावोगावच्या डायव्हिंगच्या दुकानांत दोनशे बारचा सिलिंडर भरून देणारा कॉम्प्रेसर आला. हवेची बंदूक परतली ती यानंतर. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात इंग्लंडमध्ये डेस्टेटसारख्या उत्पादकांनी पीसीपी रायफली बाजारात आणल्या, आणि नेमबाज त्या डायव्हिंगच्या सिलिंडरवरून भरू लागले. जिरार्दोनीची कल्पना दीडशेहून अधिक वर्षे पडून होती, आणि तिला जागे करायला नव्या झडपेचा किंवा नव्या नळीचा शोध लागला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात भरवशाची हवा मिळू लागली, एवढे पुरेसे झाले. माझ्या म्हणण्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. नंतर आलेले तीन टप्प्यांचे हातपंपही हेच सांगतात. पहिला दट्ट्या जाड, शेवटचा काडीसारखा बारीक, म्हणून दोनशे बारही अंगाच्या वजनाने गाठता येतात. व्हिएन्नाच्या कारागिराला अडवणारी भिंत टप्पे पाडून ओलांडली गेली.

हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला तर कॉम्प्रेसरची निवड जाहिरातीतल्या ‘३०० बार’ या आकड्यावर करणे चुकीचे ठरते. तो आकडा बहुतेक यंत्रे गाठतात. प्रश्न आहे की किती टप्प्यांत, किती थंड राहून आणि किती वेळ. फक्त रायफलीची नळकांडी भरायची असेल, समजा ३०० मिलिलिटरची टाकी १५० वरून २५० बारवर न्यायची, तर वातावरणातली जेमतेम तीस लिटर हवा लागते, आणि मोटारीच्या बॅटरीवर चालणारे छोटे यंत्रही ते काम करते. पण ६.८ लिटरचा मोठा सिलिंडर २०० वरून ३०० वर न्यायला ६८० लिटर लागतात. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या यंत्राला त्यासाठी सव्वादोन तास सलग धावावे लागेल, तेही सर्वांत जास्त दाबावर. दोन टप्प्यांचे छोटे यंत्र असे धाववले की सील करपतात. सिलिंडर भरायचे असतील तर पाण्याने किंवा जोरदार पंख्याने थंड होणारे, जास्त टप्प्यांचे, डायव्हिंगच्या जातीचे यंत्रच घ्यावे, किंवा क्लबात चार जणांत मिळून घ्यावे.

पाण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि कोकणात आणि गोव्यात ते सर्वांत महाग पडते. जुलैतल्या मुंबईच्या एक घनमीटर हवेत वीस ग्रॅमहून अधिक वाफ असते. तीच हवा तीनशे पट दाबून ६.८ लिटरच्या रिकाम्या सिलिंडरमध्ये कोंबली, तर यंत्रातून एकूण चाळीसेक ग्रॅम पाणी निघते. वाळवणीची व्यवस्था नसेल तर ते सिलिंडरात आणि मग रायफलीच्या झडपेत जाते. लोखंड गंजते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, झडप नीट बसत नाही. म्हणून टप्प्यांनंतरचा पाणी वेगळे करणारा कप दर दहा-पंधरा मिनिटांनी सोडायचा, शेवटच्या गाळणीतले ओलावा शोषणारे दाणे आणि कोळसा निर्मात्याने सांगितलेल्या तासांनी बदलायचा, पावसाळ्यात त्याच्याही आधी. यंत्र बंद करण्यापूर्वी झडपा उघड्या ठेवून थोडा वेळ रिकामे चालवायचे, म्हणजे आतली वाफ निघून जाते. तेल कॉम्प्रेसरसाठी सांगितलेलेच घालायचे, कारण डीझेलच्या इंजिनात जे इंधनाचे होते तेच इथे साध्या तेलाच्या वाफेचे होऊ शकते. रायफलीच्या भरण्याच्या तोंडाशी ग्रीस लावायचेच तर सिलिकोनचे, पेट्रोलियमचे कधीच नाही. दाब जास्त झाला की फुटणारी सुरक्षा-चकती वारंवार फुटते म्हणून जाड चकती टाकणे हा सरळ जिवाशी खेळ आहे. सिलिंडरांसाठी आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. ठरलेल्या मुदतीने पाण्याच्या दाबाने तपासणी झाल्याचा शिक्का नसलेला सिलिंडर कितीही स्वस्त मिळाला तरी नाकारावा.

कुणी म्हणेल, आता स्वस्त यंत्रे घरोघरी आली आहेत, दाबमापक आहे, दाब भरला की आपोआप बंद होण्याची सोय आहे. पंपाचा प्रश्न सुटला, मग ही चिंता कशाला? यंत्र स्वस्त झाले हे खरे, पण कमी झाले ते फक्त शारीरिक कष्ट. चामड्याची जागा रबरी ओ-रिंगांनी घेतली, त्याही झिजतात. शिपायाच्या जागी मोटार आली, तीही तापते. आणि जिरार्दोनीच्या ५५ बारच्या बाटलीत जेवढी ऊर्जा कोंडलेली असे, तिच्या कितीतरी पट आज एका सिलिंडरमध्ये असते, म्हणून हलगर्जीपणाची किंमतही वाढली आहे. स्पर्धेच्या जगाने हे ओळखले आहे. १० मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. या पातळीवरच्या रायफलींच्या हवेच्या नळकांड्यांवर वापराची मुदत कोरलेली असते, बहुतेकांवर दहा वर्षांची. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे ती मुदत संपलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची असते, आणि साहित्य-तपासणीच्या टेबलावर ती तारीख वाचली जाऊ शकते.